चंगळवाद नव्हे, हमीपत्र वाचा

परदेशातून आणलेला दूरचित्रवाणी संच हा आपल्या समीक्षेतला हुकमी एक्का आहे. एखाद्या कथेत, कादंबरीत किंवा नाटकाच्या नेपथ्यात तो दिसला रे दिसला, की समीक्षक पुढचे वाक्य विचार न करता लिहून मोकळा होतो: मध्यमवर्गाच्या चंगळवादी मानसिकतेचे हे प्रतीक होय. पदव्युत्तर वर्गातला विद्यार्थीही उत्तरपत्रिकेत हेच वाक्य लिहितो आणि त्याला गुण मिळतात. संच कोणत्या देशातून आला, इथे लावल्यावर तो चालला का, बिघडल्यावर कोणी दुरुस्त केला, विमानतळावर त्यावर किती शुल्क भरावे लागले, यातला एकही प्रश्न कोणी विचारत नाही. वस्तूला प्रतीक म्हटले की तिची चौकशी करण्याची जबाबदारी संपते, अशी आपली एक सोयीस्कर समजूत झाली आहे. ही समजूत आळसातून आलेली आहे, आणि तिची किंमत समीक्षकाला नव्हे, शिरोळसारख्या तालुक्यातल्या गिऱ्हाइकाला मोजावी लागते, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे आहे.

आधी थोडा इतिहास पाहावा लागेल, कारण तो न पाहताच निकाल दिले गेले आहेत. भारतात दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी आले. रंगीत प्रक्षेपण १९८२ च्या १५ ऑगस्टला सुरू झाले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. देशात रंगीत संच पुरेसे तयार होत नव्हते, म्हणून सरकारनेच त्या निमित्ताने परदेशी संचांसाठी दार किलकिले केले. म्हणजे ज्याला आपण मध्यमवर्गाची हाव म्हणून हिणवत आलो, ती गोष्ट निदान त्या वर्षी तरी सरकारी धोरणाचा भाग होती. नातेवाइकाने आणलेला संच ज्या घरात आला, त्या घराने वेगळे काही केले नव्हते. कार्यक्रम रंगीत आणि संच मिळत नाही, या कोंडीतून त्याने वाट काढली होती.

आता खरा मुद्दा. हे संच इथे चालले का? याचे उत्तर साध्या हो-नाहीत देता येत नाही, आणि त्या उत्तरातच आपल्या समीक्षेला न दिसलेला सामाजिक इतिहास दडलेला आहे. भारताने रंगीत प्रक्षेपणासाठी पाल ही पद्धत स्वीकारली: ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रे, आपल्या विजेच्या ५० हर्ट्झ वारंवारितेशी जुळणारी. अमेरिकेत एनटीएससी पद्धत होती: ५२५ रेषा, वारंवारिता ६० हर्ट्झ, आणि भिंतीतल्या खोबणीत वीज १२० व्होल्टची. आपल्याकडे ती २३० व्होल्टची. त्यामुळे शिकागोहून किंवा न्यू जर्सीहून आणलेला संच इथल्या खोबणीत थेट लावला, तर चित्र दिसण्याआधी धूर दिसे. मध्ये रोहित्र बसवून वीज उतरवली, तरी दूरदर्शनचे चित्र त्यावर स्थिर राहत नसे. ते वर सरकत राही, रंग तर नाहीच. अमेरिकेतल्या लग्नाची ध्वनिचित्रफीत इथे पाठवली की तीही इथल्या यंत्रावर नीट उमटत नसे. दोन खंडांत विभागलेल्या कुटुंबाला एकमेकांची लग्ने पाहता येऊ नयेत, अशी ती तांत्रिक व्यवस्था होती.

इंग्लंडची गोष्ट आणखी गंमतीची. तिथेही पाल पद्धतच होती, वीजही जवळजवळ आपल्यासारखीच. तेव्हा इंग्लंडहून संच आणणाऱ्याला वाटे की आपण शहाणपणा केला. पण तिथल्या पद्धतीत चित्र आणि ध्वनी यांच्या वाहक लहरींमधले अंतर ६ मेगाहर्ट्झ ठेवलेले होते, आपल्याकडे ५.५. परिणामी चित्र येई आणि आवाज येत नसे. शिवाय १९८५ नंतर इंग्लंडात प्रक्षेपण केवळ उच्चतर वारंवारितेच्या पट्ट्यावर राहिले, आणि तिथल्या संचांतले ग्राहकयंत्र त्याच पट्ट्यापुरते असे. आपल्या दूरदर्शनची बहुतेक प्रक्षेपणे खालच्या पट्ट्यावर. म्हणजे पुष्कळदा चित्रही नाही.

आणि आखाती देश? संयुक्त अरब अमिराती, कुवेत, ओमान, कतार, बहारीन या देशांनी पाल पद्धतीचा जो प्रकार घेतला तो आपलाच होता, वीजही जुळणारी. तिथल्या बाजारात तर दोन्ही-तिन्ही पद्धती चालणारे संच विकायला असत, कारण गिऱ्हाईक सगळ्या देशांचे. त्यामुळे दुबईच्या बांधकामावर फिटर किंवा वाहनचालक म्हणून राबणाऱ्या माणसाने खोक्याला दोरी बांधून आणलेला संच गावात लावल्याबरोबर बोलू लागे, आणि अमेरिकेतल्या डॉक्टर मुलाने आणलेला महागडा संच कपड्याखाली झाकून ठेवावा लागे.

समीक्षकाने हे पाहिले असते, तर चंगळवाद या एका शब्दात दोन्ही घरे कोंबणे त्याला जड गेले असते. एका घरात श्रमिकाच्या घामाचा पैसा होता आणि चालणारा संच होता. दुसऱ्या घरात प्रतिष्ठा होती आणि मुका संच. वर्गाची उतरंड इथे तंत्रज्ञानाने उलटी केली होती. एखाद्या कथाकाराला यातून काय मिळाले असते, याची कल्पना वाचकांनी करावी. पण कथाकारालाही समीक्षकानेच शिकवले होते की परदेशी संच म्हणजे प्रतीक, आणि प्रतीकाला व्होल्टेज नसते.

आता कोणी म्हणेल, हे सगळे जुने झाले. काही अंशी खरे आहे. आजचे सपाट पडद्याचे पुष्कळसे संच १०० ते २४० व्होल्टपर्यंत कोणतीही वीज घेतात. (पुष्कळसे, सगळे नव्हेत. संचाच्या पाठीवरची बारीक अक्षरांतली पट्टी वाचल्याशिवाय पिन खुपसू नये. केवळ १२० व्होल्ट लिहिलेले संच अजूनही अमेरिकेतून येतात.) अमेरिकेतले आणि आपल्याकडचे अंकीय प्रक्षेपण पुन्हा वेगवेगळ्या पद्धतींचे आहे, पण घराघरांत छत्रीवरून किंवा केबलवरून येणारे कार्यक्रम वेगळ्या खोक्यातून संचाला मिळतात, म्हणून संचातल्या ग्राहकयंत्राची फारशी गरज पडत नाही. तरी त्या खोक्यातून येणारा संकेत ५० हर्ट्झचा असतो, आणि काही जुन्या अमेरिकी संचांना तो मानवत नाही. इंटरनेटला जोडलेल्या संचात कोणती ॲप मिळतील, हेही संच ज्या देशासाठी बनवला त्यावर पुष्कळदा अवलंबून असते. म्हणजे जुळण्याचा प्रश्न मिटलेला नाही, त्याने फक्त जागा बदलली.

पैशाचा हिशेबही बदलला. २०१३ च्या ऑगस्टमध्ये रुपया घसरत असताना सरकारने प्रवाशांच्या सामानातून येणाऱ्या सपाट पडद्याच्या संचांची शुल्कमुक्त सवलत काढून घेतली. २६ ऑगस्टपासून अशा संचावर ३५ टक्के शुल्क आणि त्यावर ३ टक्के उपकर, म्हणजे एकूण ३६.०५ टक्के भरावे लागू लागले. चाळीस हजारांच्या संचावर १४,४२० रुपये. त्याआधी दुबई, सिंगापूर, बँकॉकहून येणाऱ्या विमानांतून हे संच सर्रास उतरत होते. त्या एका अधिसूचनेने त्यातला फायदा जवळपास संपवला. पुढे २०१८ साली उपकराच्या जागी १० टक्के अधिभार आला. दर बदलत राहतात, म्हणून निघण्यापूर्वी त्या वर्षीचा नियम पाहून घ्यावा. दुसरीकडे, ३२ इंचांहून मोठ्या संचावरचा इथला वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. आजच्या आकड्यांत परदेशातून संच आणणे हा बहुधा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. तरीही संच येतात. कधी परदेशातला मुक्काम संपवून संसारच परत येतो, त्याबरोबर संच येतो. कधी मुलाच्या प्रेमाला खोक्यात घालण्याजोगी दुसरी वस्तू सुचत नाही.

आणि मग तो संच बिघडतो. आमच्या परिचयातल्या एका निवृत्त शिक्षकांच्या घरी असा संच आहे. पडद्यावर उभ्या रेषा आल्या तेव्हा त्यांनी कंपनीच्या दूरध्वनी क्रमांकावर संपर्क साधला. पलीकडच्या मुलीने प्रतिमान-क्रमांक विचारला आणि अतिशय नम्रपणे सांगितले की हा संच भारतात विकला जात नाही, सबब त्याचे सुटे भाग इथे नाहीत. हमीपत्र दाखवले, त्यावरची तारीख अजून शिल्लक होती. पण त्यावरच्या बारीक अक्षरांत लिहिले होते की ही हमी विक्रीच्या देशापुरतीच आहे. त्यांनी ते वाक्य तोपर्यंत वाचलेले नव्हते. आयुष्यभर मराठी व्याकरण शिकवलेल्या या गृहस्थांना ते वाचता आले नसते असे नव्हे. वाचायचा मजकूर म्हणून त्या कागदाकडे पाहावे, असे त्यांना कोणी कधी सांगितलेच नव्हते. गावातल्या मेकॅनिकने संच उघडून पाहिला, पॅनेल गेल्याचे सांगितले, आणि पॅनेल गेले म्हणजे संच गेला, हेही सांगितले. त्याने पैसे घेतले नाहीत.

इथे हमी या शब्दाशी थोडे थांबावे लागेल. इंग्रजीत गॅरंटी आणि वॉरंटी हे दोन शब्द एकाच मुळाचे आहेत. फ्रेंचच्या दोन बोलींतून दोन वाटांनी ते इंग्रजीत आले. आपल्याकडे ते दोन्ही आले आणि बाजाराने त्यांत भेद पाडला: गॅरंटी म्हणजे वस्तू बदलून मिळणार, वॉरंटी म्हणजे फक्त दुरुस्ती. हा भेद कायद्यात जसाच्या तसा सापडत नाही. कायद्यातला भेद वेगळाच आहे. १९३० च्या मालविक्री अधिनियमाच्या बाराव्या कलमात शर्त आणि हमी अशा दोन गोष्टी सांगितल्या आहेत. शर्त मोडली तर वस्तू नाकारता येते, हमी मोडली तर केवळ नुकसानभरपाई मागता येते. म्हणजे कायद्याच्या लेखी हमी ही दुय्यम गोष्ट आहे, शर्तीहून हलकी. आणि आपण मराठीत हमी हा शब्द किती जड अंतःकरणाने वापरतो ते पाहावे! एखाद्याची हमी घेणे, म्हणजे त्याच्यासाठी स्वतः उभे राहणे. बाजाराने या जड शब्दाचे वजन घेतले आणि त्यातला माणूस काढून टाकला.

शिरोळच्या माणसाला हमीची भाषा शिकवावी लागत नाही, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. कृष्णा आणि पंचगंगा यांच्यामधला हा तालुका उसाचा आहे, आणि उसाच्या दराइतके बारकाईने वाचले गेलेले गद्य या भागात दुसरे नसेल. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत, न दिल्यास वर्षाला १५ टक्के व्याज द्यावे, ही त्यातली तरतूद इथल्या कट्ट्यावर बसणाऱ्या, शाळा अर्ध्यावर सोडलेल्या माणसालाही पाठ असते. २००९ पासून रास्त आणि किफायतशीर दराची पद्धत आली, तेव्हा तो दर कोणत्या उताऱ्याला बांधला आहे, मागच्या हंगामाच्या की चालू हंगामाच्या, यावर जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत जे भाषाशास्त्र चालते, ते आपल्या विद्यापीठीय चर्चासत्रांत क्वचित ऐकायला मिळते. हा दर दोन हप्त्यांत देण्याची मुभा राज्य सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिली. मूळचे शिरोळचेच असलेले राजू शेट्टी त्याविरुद्ध न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरवला. त्यांच्या राजकारणाबद्दल ज्याचे त्याचे मत असो. केंद्राचा आदेश काय म्हणतो आणि राज्याला तो बदलता येतो का, हा वाचनाचा प्रश्न होता, आणि तो वाचनाने जिंकला गेला.

हाच शेतकरी बिल आल्यावर संच घ्यायला जयसिंगपूरला किंवा सांगलीला दुकानात जातो, तेव्हा त्याच्या हातात दुमडलेला, पातळ कागदाचा, इंग्रजीतला मजकूर दिला जातो. दुकानदार त्यावर शिक्का मारतो आणि म्हणतो, हे जपून ठेवा. वाचा, असे म्हणत नाही. चौदा दिवसांचा हिशेब बोटांवर करणारा माणूस तो कागद देवघरातल्या फळीवर ठेवून देतो.

त्या कागदात काय असते? दोन-तीन वाक्यांत दिलेले आश्वासन आणि मग पुढचे सगळे पान अपवादांचे. विजेच्या दाबातील चढउतारामुळे झालेला बिघाड हमीत बसत नाही. ज्या भागात शेतीपंपांचा भार एकाच वेळी वीजवाहिनीवर येतो आणि दिवे मंद-तेज होणे हा नित्याचा अनुभव आहे, त्या भागात हे वाक्य म्हणजे हमीचा अर्धा भाग आधीच फाडून देण्यासारखे आहे. अनधिकृत व्यक्तीने संच उघडल्यास हमी रद्द; आणि गावात तर अनधिकृत व्यक्तीच असते. उंदीर, झुरळे, ओल यांमुळे झालेले नुकसान नाही. आणि मग ते प्रसिद्ध वाक्य: पूर, वीज पडणे, भूकंप इत्यादी ईश्वरी कृत्यांची जबाबदारी कंपनीवर नाही.

ईश्वरी कृत्य! नृसिंहवाडीत पाऊस वाढला की कृष्णेचे पाणी दत्तमंदिरात एका बाजूने शिरून दक्षिण दरवाजातून बाहेर पडते, तो दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात स्नान करायला लोक लांबून येतात. तेच पाणी २००५ साली, २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत कुरुंदवाडच्या, वाडीच्या आणि शिरोळ तालुक्यातल्या गावोगावच्या घरांत शिरले, तेव्हा भिंतीवर टांगलेले संच वरपर्यंत बुडाले. पाणी ओसरल्यावर रस्त्याकडेला चिखल भरलेल्या गाद्यांशेजारी ते ओळीने ठेवलेले होते. पुराला देवाची करणी म्हणायचे की धरणांतील विसर्गाच्या नियोजनाची, यावर महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यात समित्या बसल्या, अहवाल झाले. हमीपत्राने मात्र तो वाद एका शब्दात आधीच मिटवून टाकलेला होता. देवाला जबाबदार धरले की कंपनी सुटते, अभियंता सुटतो, शासनही सुटते. राहतो तो फक्त भक्त. ज्या भाषेत पूर हा एकाच वेळी सोहळाही असतो आणि सर्वनाशही, त्या भाषेच्या अभ्यासकांना या वाक्यावर एक निबंध लिहावासा वाटू नये?

परदेशी संचाच्या बाबतीत तर हा अपवादांचा परिच्छेद वाचण्याचीही गरज उरत नाही, कारण तिथे भूगोल हाच पहिला अपवाद. इथे विकल्या जाणाऱ्या वेष्टित वस्तूवर आयातदाराचे नाव आणि पत्ता छापावा लागतो. संच तुम्ही स्वतः खांद्यावरून आणलात, तर आयातदार तुम्हीच. ३२ इंच आणि त्याहून मोठ्या संचांना जुलै २०१३ पासून भारतीय मानक ब्यूरोची सुरक्षिततेसाठीची नोंदणी बंधनकारक झाली. बाहेरच्या देशासाठी बनवलेल्या आणि तुम्ही उचलून आणलेल्या संचावर तो शिक्का असेलच असे नाही. ३० जुलै २०२० पासून रंगीत संचांची व्यापारी आयात परवान्याखाली आली. या सगळ्या नियमांचा मथितार्थ एवढाच, की सीमेच्या आत जी वस्तू येईल तिच्यासाठी आत कोणीतरी उत्तर द्यायला हवे. वैयक्तिक सामानातून आलेल्या संचासाठी आत कोणीच नसते. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने एक मोठी सोय केली: ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. शिरोळच्या माणसाला आता कोल्हापुरात दाद मागता येते, विक्रेता कुठलाही असो. आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्कही नाही. पण दुबईच्या दुकानदाराला कोल्हापूरच्या आयोगापुढे कोण आणून उभे करणार?

इथवर वाचलेल्या वाचकाला वाटेल की हा लेख स्वदेशी संचाचा पुरस्कार करीत आहे. तसे नाही. शिरोळच्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीने पाहिले तर सगळेच संच परदेशी आहेत. दुबईचा संच जितका परका, तितकाच चेन्नईजवळच्या कारखान्यात जुळवलेला, कारण दोन्हींच्या हमीपत्राची भाषा त्याची नाही. २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांत लिहिले आहे की वेष्टनावरच्या घोषणा देवनागरीतल्या हिंदीत किंवा इंग्रजीत असाव्यात. त्याशिवाय इतर कोणतीही भाषा वापरायला हरकत नाही. हरकत नाही! मराठीला कायद्याने दिलेली जागा ही एवढी. २०२२ साली आपण कायदा दुरुस्त करून प्रत्येक दुकानाचा नामफलक मराठीत करायला लावला, त्यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला, २०२३ च्या सप्टेंबरात न्यायालयाने व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली, आणि आपण जिंकलो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषा म्हटले आणि आपण पेढे वाटले. दुकानावरचे नाव मराठीत, भाषा अभिजात, आणि दुकानात शिरून गल्ल्यावर जो कागद हातात पडतो तो इंग्रजीत. फलकासाठी काचा फोडायला निघालेल्यांपैकी कोणी एखादे मराठी हमीपत्र मागितल्याचे ऐकिवात नाही.

आणि याचा दोष मी फक्त पक्षांना देणार नाही. मराठीच्या विभागांनी व्यावहारिक मराठीच्या नावाखाली जे शिकवायला घेतले त्यात जाहिरात कशी लिहावी हे आहे, बातमी कशी लिहावी हे आहे, मुलाखत कशी घ्यावी हे आहे. म्हणजे विक्रेत्याच्या बाजूने भाषा वापरायला आपण विद्यार्थ्याला तयार करतो. गिऱ्हाइकाच्या बाजूने वाचायला शिकवत नाही. जाहिरातीचे एक वाक्य लिहिता येणाऱ्या पदवीधराला हमीपत्राचे एक वाक्य मराठीत आणता येत नाही, कारण त्यासाठी पारिभाषिक शब्द लागतात, कायद्याची जाण लागते, आणि मुख्य म्हणजे त्या मजकुराबद्दल आदर लागतो. आपला आदर फक्त ललित मजकुरासाठी राखून ठेवलेला आहे.

यावर विद्वानांचे दोन आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला असा, की हे साहित्याचे क्षेत्र नव्हे. हा आक्षेप घेणारे बहुधा तेच असतात जे परिसंवादात रोलाँ बार्थचे नाव घेतात. बार्थने १९५७ सालच्या आपल्या पुस्तकात कुस्ती, साबणाची भुकटी आणि नवी मोटारगाडी यांवर लिहिले, म्हणून ती वस्तू साहित्याच्या कक्षेत आली. इथल्या वस्तू कक्षेत येण्यासाठी त्यांच्यावरही आधी पॅरिसात कोणी लिहायला हवे की काय? दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे: आमच्या परंपरेत असे काही नाही. तर आहे. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये वारंवार येणारी गोष्ट कोणती? कागद. दुसऱ्याने लिहिलेला, शेतकऱ्याला वाचता न येणारा, आणि त्याचे घर-शेत त्यावरून ठरवणारा. आपण फुले शिकवतो, त्यांची भाषाशैली सांगतो, त्यांच्या गद्यातला उपहास सांगतो. कागदाचा मुद्दा एकोणिसाव्या शतकातच संपला, अशा थाटात पुढे जातो. कुलकर्ण्याचे दप्तर गेले आणि त्या जागी बारा भाषांत छापलेली पुस्तिका आली, जीत बाराही भाषा परक्या. खोके उघडून पाहावे: अरबी असते, कित्येकदा चिनी असते. मराठी नसते.

म्हणून समीक्षकांना माझे सांगणे असे, की पुढच्या वेळी एखाद्या कथेत परदेशी संच आला तर पात्राच्या हव्यासाची चिकित्सा करण्याआधी तो संच कोणत्या वर्षी, कोणत्या देशातून आला हे पाहावे. १९८३ सालचा कुवेतचा संच आणि २०१४ सालचा सिंगापूरचा संच हे दोन वेगळे मजकूर आहेत. लेखकाने अमेरिकेचा संच आणून त्यावर त्याच संध्याकाळी रामायण मालिका लावली असेल, तर ती तांत्रिक चूक आहे, आणि ती दाखवून देणे हे समीक्षेचेच काम आहे. खेड्याबद्दल लिहिताना लेखकाने नांगराचे भाग चुकवले तर आपण त्याला फाडून खातो. संचाच्या बाबतीत हा आग्रह कुठे जातो?

आणि शिक्षकांना एक सूचना, अगदी व्यवहाराची. येत्या सत्रात प्रत्येक विद्यार्थ्याला घरातल्या कोणत्याही एका वस्तूचे हमीपत्र वर्गात आणायला सांगावे. त्यात आश्वासनाची वाक्ये किती आणि अपवादाची किती, हे आधी मोजून घ्यावे. मग कर्ता कोण आहे ते शोधावे. पुष्कळ ठिकाणी तो सापडणार नाही, कारण इंग्रजी कर्मणी प्रयोगात कंपनी अदृश्य होते, आणि मराठीत उतरवताना तिला पुन्हा दृश्य करावे लागते. 'हमी रद्द समजली जाईल' या वाक्यात समजणारा कोण? इथपासून सुरुवात करता येईल. दोन तासांत एक पान होते. झालेले भाषांतर वस्तू जिथून घेतली त्या दुकानदाराला नेऊन द्यावे, आणि गिऱ्हाइकाला इंग्रजी कागदासोबत ते देशील का, असे विचारावे. नियमाप्रमाणे त्याला हरकत नाही.